शेवंतामावशीची किनार

कॉम्प्युटर आमच्याकडे आला तो थेट आंब्यांच्या खोलीत गेला, कारण दुसरीकडे त्याला ठेवायला जागाच नव्हती. घराच्या पुढच्या दोन खोल्या छापखान्याच्या. तिथे ट्रेडल मशीन दिवसभर खटाखट चालायचं, भिंतींना शाईचे आणि रॉकेलचे हात लागलेले असायचे. कोल्हापूरच्या ज्या विक्रेत्याने तो कॉम्प्युटर आणला त्याने दारातूनच सांगितलं, की इथे हा आठवडाभरही टिकायचा नाही. त्याला धूळ नको, ऊन नको, दमट हवा नको. मे महिन्यात रत्नागिरीत दमट हवा नको म्हटलं तर माणसाने तरी कुठे जावं? घरात गार अशी एकच खोली, माजघरामागची, चिऱ्याच्या जाड भिंतींची, आणि तिथे आईने भाताच्या पेंढ्यावर हापूसची अढी घातलेली. आई दारात आडवी उभी राहिली. "माझे आंबे हलायचे नाहीत. त्याला हवं तर त्याने त्यांच्या शेजारी बसावं." मग तो बसला. अर्ध्या खोलीत अढी, अर्ध्या खोलीत टेबल, टेबलावर पांढुरकं ते धूड आणि त्याच्यावर आईने विणलेला क्रोशाचा रुमाल. आंबे खालीवर करायला ती दिवसातून कितीदा तरी आत यायची आणि जाताना पडद्याकडे अशी बघायची, जणू तोही पिकायला ठेवलाय आणि अजून कच्चाच आहे.

मी तेव्हा कॉलेज संपवून घरी बसले होते. 'घरी बसले होते' हे आईचे शब्द. प्रत्यक्षात मी दिवसभर छापखान्यात उभी असायची. प्रुफं वाच, कागद घडी कर, गिऱ्हाइकाला पाणी दे, आणि कोणी नात्यातलं आलं की चटकन हात धुऊन आत पळ, कारण मुलीच्या हाताला शाई दिसता कामा नये. यंत्र आलं त्या संध्याकाळी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला बोलावून स्पष्टच सांगितलं. माणूस कमी बोलायचा, पण एकदा बोलला की त्यात खाडाखोड नसायची.

"महिनाभर यंत्र बघायला दिलंय. तोवर तू हात चालव. काम जमलं तर ठेवून घेऊ. मग ते कोल्हापूरहून शिकलेला ऑपरेटर पाठवणार आहेत. तू आत्याकडे डोंबिवलीला जा. तिने स्थळ बघून ठेवलंय."

"आणि नाही जमलं तर?"

"तर यंत्र परत जाईल."

"आणि मी?"

अण्णा जरा विचारात पडले. "तू डोंबिवलीलाच."

म्हणजे यंत्र राहो नाहीतर जावो, माझं बोचकं बांधलेलंच होतं. आणि मला तर त्या यंत्रासमोरची खुर्ची हवी होती, अगदी हट्टाने हवी होती. का, ते तेव्हा कोणी विचारलं असतं तर मी फुरंगटून बसले असते. आज सांगते. त्या पडद्यावर मी एखादी गोष्ट उचलून जिथे ठेवायची तिथेच ती राहायची. मागून कोणी येऊन 'तिथे नको गो, इकडे ठेव' असं म्हणायचं नाही. आमच्या घरात हे सुख आईलासुद्धा नव्हतं.

छापखान्यात नामूकाका म्हणून कंपोझिटर होते, आजोबांच्या वेळेपासून खिळे जुळवत आलेले. शिशाचा खिळा उलटा असतो तेव्हा कागदावर अक्षर सुलटं उमटतं, त्यामुळे काकांचं वाचन जन्मभर उलटंच झालेलं. दुकानांच्या सरळ पाट्या वाचताना ते अडखळायचे. पडद्यावर मी मोठ्या हौसेने 'श्री गणेशाय नमः' काढून दाखवलं, तर त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "सुलटं दिसतंय. म्हणजे छापून उलटं येणार. नंतर माझ्या नावाने बोंबलू नका." प्रिंटरमधून कागद सुलटाच आला. काकांनी तो उजेडात धरला, पालथा केला, परत सरळ केला. "आज आलं," एवढंच म्हणून ते आपल्या खिळ्यांकडे निघून गेले.

त्या प्रोग्रॅममध्ये पडद्याच्या डाव्या कडेला एक उभी पट्टी होती. लहान लहान चौकटी, एकाखाली एक, आणि प्रत्येकीत एक चित्र. बाण, हात, आडवा चौकोन, गोल, पेन्सिल, कातर, भिंग, आणि एका चौकटीत नुसता इंग्रजी ए. ज्या चित्रावर टिचकी मारावी ते हत्यार हातात यायचं. त्या पट्टीला टूलबार म्हणतात, हे मी सोबतच्या जाडजूड इंग्रजी पुस्तकातून डिक्शनरी उघडून उघडून शोधलं होतं. दुसरी गंमत होती ती माऊसच्या उजव्या बटणाची. ते दाबलं की जिथल्या तिथे एक छोटी यादी उघडायची, पण दर वेळी एकच यादी नाही. मजकुरावर दाबलं तर अक्षरांबद्दलची, चित्रावर दाबलं तर चित्राबद्दलची, रिकाम्या कागदावर दाबलं तर तिसरीच. नामूकाकांना हे मुळीच पटलं नाही. "माझ्या खिळ्यांच्या केसमध्ये 'क'चा खण जिथे आहे तिथेच आहे, रविवारीसुद्धा. हे बटण इथे एक बोलतं, तिथे दुसरं. असल्याशी व्यवहार करू नये." मला मात्र ते पहिल्याच दिवशी कळलं, कारण मी आईच्या हाताखाली वाढले होते. आईला चुलीपाशी गाठलं तर काय मागता येतं, देवापाशी गाठलं तर काय, आणि दारात शेजारणीशी बोलताना गाठलं तर काय हवं ते कसं पदरात पडतं, हे आम्हा भावंडांना तोंडपाठ होतं. आता माझा भाचा मुलांना हे वर्गात शिकवतो. त्याला मी हा दाखला दिला तर म्हणतो, मावशी, हे सिलॅबसमध्ये नाही.

यंत्रावरचं पहिलं मोठं काम आलं ते शेवंतामावशीचं. मावशी बंदरावर मासळीच्या लिलावात बोली लावायची. आवाज असा कमावलेला, की ती गल्लीच्या तोंडाशी बोलायला लागली की आमच्याकडे चहाचं आधण चढायचं. तिच्या अनंताचं लग्न ठरलं होतं. ती आली ती ताज्या, फडफडीत बांगड्यांनी भरलेली टोपली आईच्या हातात देऊन बाकावर बसली आणि नमुन्याच्या पत्रिका मागितल्या.

इथे किनारीबद्दल सांगायला हवं. पत्रिकेतला मजकूर सगळ्यांचा सारखाच, आमचे येथे श्रीकृपेकरून, तो कोण वाचतो? लोक बघायचे ती भोवतीची किनार. मोर, कुयऱ्या, जास्वंद, कलश, द्राक्षाचे घोस. एका पाखाडीत, म्हणजे एका वस्तीत, एका हंगामात एक किनार दोन घरांत गेली तर दुसऱ्या घराची शोभा झालीच म्हणून समजा. बायका पत्रिका हातात घेऊन 'हो, बघितलीय आम्ही ही' एवढंच म्हणायच्या, आणि ते पुरायचं. मावशीने आमचे सगळे नमुने पालथे घातले. हा मोर जावेच्या घरी झालेला, ह्या कुयऱ्या विहिणीच्या बहिणीकडे. "मना कोनाकडं नाय अशी व्हयी," ती म्हणाली. अण्णा म्हणाले, नवीन यंत्र आलंय, त्यावर करून दाखवतो.

मी सुरेख जुळवणी केली, भोवती दुहेरी बारीक रेघ ओढली. मावशी बघायला आली त्या दिवशी नेमकी प्रिंटरची रिबन दगा देऊन बसलेली. अण्णा म्हणाले, "पडद्यावरच नजरेखालून घाला." मावशी आंब्यांच्या खोलीत आली, पदराने चेहरा पुसला, मी मजकूर वाचून दाखवला, तिने मानपानाची नावं नीट ऐकली. मग पडद्याकडे टक लावून म्हणाली, "आनी किनार एकदम झ्याक हाय गो बाय. ही तूच काढलीस?" मला वाटलं माझ्या दुहेरी रेघेचं कौतुक चाललंय. मी लाजून हो म्हटलं.

मग नवी रिबन आली, छापलेला कागद रीतीप्रमाणे एस.टी.च्या कंडक्टरकडे देऊन कोल्हापूरला गेला, तिथून जस्ताचा ब्लॉक, म्हणजे ठसा, होऊन आला, नामूकाकांनी तो ट्रेडलवर चढवला, पत्रिका छापल्या, कोपऱ्यांना हळद लावून गठ्ठे बांधले. मावशी न्यायला आली. तिने वरची पत्रिका घेतली, उलटीसुलटी केली, दुसरी घेतली, मग गठ्ठ्याच्या मधून एक ओढून काढली. "किनार कुठं गेली?"

"ही काय," अण्णांनी रेघ दाखवली.

"ही? ही तर शाळेच्या पाटीला असते. मना दाखवलात येक नि दिलात दुसरा." ती रागावलेली नव्हती, दुखावलेली होती, आणि त्याचीच जास्त भीती वाटली. "अन्ना, तुमच्याकडं असा कधी झ्याला नव्हता."

अण्णांचा चेहरा उतरला. यंत्राला दिलेला महिना निम्मा सरत आलेला. पहिलंच काम गिऱ्हाइकाने परत केलं तर यंत्र त्याच आठवड्यात जाणार, आणि त्याच्या मागून मी. मी मावशीचा हात धरून तिला पडद्यापुढे नेलं आणि विचारलं, दाखव कुठली किनार. तिने काचेवर बोट टेकवलं. डावीकडची पट्टी. टूलबार.

"मावशी, ती किनार नाही गो. ती हत्यारं आहेत, काम करायची."

"हत्यारां?" मावशीने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू बिचारी पोर उन्हाने भ्रमलीय. "ह्यो चौकोन काय हाय? नवऱ्यामुलाचा पाट. ही बांगडी. ह्या हळद कुटायचा मुसळ. ह्यो हळदीचा हात. ही पळी, भटजीची." भिंग म्हणजे पळी. मी परत पडद्याकडे बघितलं. दांडी आणि पुढे गोल, पळी नाही तर काय ते? "ह्यो बाशिंगाचा तुरा," ती बाणावर बोट ठेवून म्हणाली, "आनी ह्यो ए आमच्या अनंताचा. तो तू मुद्दाम घातलास म्हून मी कौतुक केला, तर तू आता म्हन्तेस हत्यारां."

आई एवढ्यात कोकम सरबत घेऊन आत आली होती. तिला राहवलं नाही. "बाकी सगळं ठीक हो, पण ती कातर आहे. लग्नाच्या पत्रिकेवर कातर?"

"कातर कुठली वो वयनी? अडकित्ता तो. मांडवात सुपारी काय दातानं फोडनार?"

आई वाकली. चष्मा नव्हता म्हणून डोळे बारीक केले, पेला तसाच हातात. मग सरळ होऊन अण्णांना म्हणाली, "अडकित्ताच आहे." आमच्या घरात एवढ्यावर विषय संपायचा. नामूकाका दारातून म्हणाले, "मला पहिल्या दिवसापासून अडकित्ताच वाटत होता." हे साफ खोटं होतं. पहिल्या दिवशी त्यांनी त्या पट्टीकडे बघितलंसुद्धा नव्हतं.

अण्णांनी मला बाजूला घेतलं. "जमेल?"

मी म्हटलं, "जमेल." जमेल की नाही याची मला सुतराम कल्पना नव्हती. पट्टी दिसायची ती फक्त पडद्यावर. कागदावर छापलं की कागदाएवढंच यायचं, पट्टी आतच राहायची. म्हणजे ती सगळी चित्रं मला त्याच हत्यारांनी काढावी लागणार होती. चौकोनाने पाट काढायचा, गोलाने बांगडी, पेन्सिलीने मुसळ. पाट आणि बांगडी पटकन झाली. अडकित्ता बरा आला. हात मात्र काही केल्या येईना, बोटांच्या जागी भेंड्या यायला लागल्या. शेवटी आईने चिडून आपला तळवा टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "हा बघ आणि काढ. वेळ नाही मला, पिठी उतू जाईल." तो हात मी रेघ रेघ करून काढला, जाड-बारीक करायला प्रत्येक रेघेवर उजवं बटण दाबत गेले. काढून झाला तेव्हा मागे नामूकाका उभे. "हा डावा आहे."

होता खरा. आईने उजव्या हातात पळा होता म्हणून डावा पुढे केलेला. हळदीचा हात डावा, म्हणजे पत्रिका नव्हे, भांडण छापलं असतं. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. उगाच काहीतरी करायचं म्हणून हातावर उजवं बटण दाबलं, यादी उघडली, आणि त्यात खाली, आजवर मी कधी न वापरलेलं एक कलम होतं. चित्र आरशातल्यासारखं फिरवायचं. दाबलं. डावा हात उजवा झाला. नामूकाका पुढे वाकले. "परत कर." मी परत केला. डावा. "परत." उजवा. त्यांच्या तोंडावर असं समाधान मी पूर्वी पाहिलं नव्हतं. जन्मभर जे डोक्यात करत आले ते यंत्राला येतंय हे त्यांना त्या दिवशी पटलं. "हे कलम चांगलं आहे," ते म्हणाले, आणि नंतर दोन-तीनदा कामाचं निमित्त काढून मला तो हात फिरवायला लावला.

चारी बाजूंनी किनार फिरवून नवा ब्लॉक आला, नव्या पत्रिका निघाल्या. मावशीने एकेका चित्रावर बोट फिरवलं, अडकित्त्यावर थांबली, हसली. "आता झ्याला." त्या पत्रिका बंदरापासून आरे-वाऱ्यापर्यंत गेल्या, आणि मग बायका छापखान्यात येऊन थेट 'ती अडकित्त्याची' म्हणून मागायला लागल्या. मला विचाराल तर ती किनार काही सुंदर नव्हती. मुसळ जरा वाकडंच आलं होतं. पण कोणाकडे नव्हती, आणि बघणाऱ्याला तिच्यात अख्खा मांडव दिसायचा.

महिना भरला. विक्रेता आला, सोबत ऑपरेटर. चांगला मुलगा होता हो, उगाच कशाला वाईट बोलू. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, बोटं सरासर चालणारी. तो माझ्या खुर्चीत बसला आणि मी जे काम सकाळभर करायची ते त्याने गप्पा मारता मारता उरकलं. अण्णांनी यंत्र ठेवून घ्यायचं कबूल केलं. आईने आत्याला कळवायला कार्ड आणून ठेवलं. मी अढीपाशी उकिडवी बसून पिकलेले आंबे वेगळे काढत होते, म्हणजे कोणाकडे बघायला नको.

त्याच वेळी शेवंतामावशी बहिणीला घेऊन आली. बहिणीच्या मुलीचं लग्न, किनार तीच हवी, फक्त अडकित्ता जरा मोठा. अण्णांनी अनंताची पत्रिका ऑपरेटरपुढे ठेवली. त्याने बघितली, आणि मग जो हसला तो आंब्यांवर हात टेकून हसला.

"अहो काका, हा टूलबार आहे. टूलबार छापलाय तुम्ही पत्रिकेवर."

"ह्यो काय म्हन्तो?" मावशीने विचारलं.

"मावशी, ही लग्नाची चित्रं नाहीत. हे बघा, हे भिंग. मोठं करून बघायचं."

मावशीने त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "बाबा, तुजा लगीन झ्याला नाय ना अजून?"

"नाही."

"तरीच." आवाजात फक्त कीव होती. "पळी कशी असते ता तुला कसा म्हाईत असनार?"

तो मुलगा पुन्हा हसला, पण समजुतीने सांगायला लागला. यंत्रात तयार किनारी आहेत, गुलाबाची, मोत्यांची. त्याने उजवं बटण दाबून भराभर दाखवल्यासुद्धा, आणि खरं सांगते, सगळ्या माझ्या मुसळापेक्षा देखण्या होत्या. मावशीने पदर खोचला आणि बहिणीला म्हणाली, "चल गो, आपन दुसरीकडं बगू." दोघी दारापर्यंत गेल्या.

"शेवंताबाई, थांबा," अण्णा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "सुलभा, हात धू आणि इथे बस."

विक्रेता गोंधळला. "काका, अहो, हा शिकलेला मुलगा आहे."

"शिकलेला आहे, दिसतंय ते," अण्णा म्हणाले. "पण त्याला अडकित्ता दिसत नाही." मग त्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून अगदी मायेने म्हणाले, "तुम्ही जेवून जा. बांगडे आहेत."

तो बिचारा उठला. मी बसले तेव्हा खुर्ची त्याच्या पाठीने अजून गरम होती. मावशी माझ्या एका बाजूला, तिची बहीण दुसऱ्या बाजूला, दोघी बोलतायत, अडकित्ता एवढा, नाही एवढा, आणि मला रडू येत होतं ते त्यांना दिसू नये म्हणून मी उजवं बटण दाबून ती यादी उघडली आणि काहीही न निवडता तिच्याकडे बघत राहिले. आयुष्यात मला पुढे बरंच काही मिळालं, नवरासुद्धा चांगला मिळाला, पण त्या दुपारएवढा आनंद पुन्हा झाला नाही. हे त्यालाही माहीत आहे.

बहिणीच्या मुलीची पत्रिका छापून निघाली तेव्हा पहिला कागद अण्णांनी स्वतः आत आणून आईच्या हातात दिला. आईने चष्मा लावून सावकाश वाचला, वरपासून खालपर्यंत, आणि अगदी शेवटच्या ओळीपाशी थबकली. मुद्रकाच्या नावाखाली एक ओळ अण्णांनी मला न विचारता, नामूकाकांकडून खिळ्यांनी जुळवून घातली होती. मांडणी : कु. सुलभा.

"चला, पोरीचं नाव लग्नपत्रिकेवर आलं एकदाचं," आई म्हणाली. चेहरा हसरा, पण डोळे आत्याला पाठवायच्या कोऱ्या कार्डाकडे. "आता शेजारी मुलाचं नाव तेवढं यायचं राहिलं. आत्याला काय कळवू? ते लोक थांबलेत."

अण्णांनी कागद परत घेतला, शाई वाळली का ते बोट टेकवून बघितलं.

"कळव," ते म्हणाले, "की सध्या तिला सवड नाही."